म्हाळातली दिवाळी

आमच्या घरावर एकदा भर पितृपंधरवड्यात दिवाळीचा आकाशकंदील लागला होता, आणि तो आम्ही लावलेला नव्हता. लावला मुंबईहून आलेल्या एका पोराने, शिडीवर चढून, तोंडात खिळे धरून. खाली अंगणात माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, खुर्ची टाकून बसले होते आणि जरा डावीकडं घे, आता वर घे, असं त्याला खालून शिकवत होते. शेजारच्या घरात त्या दिवशी म्हाळ होता. पितरांच्या पंधरवड्यात घरोघरी श्राद्धाचं जेवण घालतात, त्याला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. आळूच्या वड्या, कढी, तांदळाची खीर, कावळ्याला घास आणि मग गावातली चार माणसं पंगतीला. ती माणसं आमच्या दारावरून जाताना वर कंदिलाकडे बघायची, मग एकमेकांकडे बघायची आणि काही न बोलता पुढे जायची. एरवी आमच्या गावात न बोलता कुणी कुठून पुढे जात नाही.

मुंबईची ही मंडळी टीव्हीवरच्या एका मालिकेची होती. गुन्ह्यांची मालिका. दर आठवड्याला एक खून, एक फौजदार आणि शेवटी बेड्या घातलेला एक माणूस. तिचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी आता कुणाला आठवायचं नाही. सणावाराला त्यांचा खास भाग असायचा, म्हणजे खून करणारासुद्धा सण यायची वाट बघत थांबायचा. दिवाळीचा भाग दिवाळीत दाखवायचा तर तो महिनाभर आधी करून ठेवावा लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आणि दिवाळीच्या महिनाभर आधी आपल्याकडे काय असतं, हे त्या मुंबईवाल्यांच्या गावीही नव्हतं. सातारच्या एका माणसाने त्यांना आमचं घर दाखवलं. त्यांना फौजीचं घर पाहिजे होतं. आमच्या रहिमतपूरकडच्या पट्ट्यात घरटी एखादा माणूस पलटणीत असतो, पण आमच्याकडे आप्पा पलटणीतून हवालदार होऊन आलेले आणि माझे वडील, नाना, तेव्हा सीमेवर. फौजीचं घर पाहिजे म्हटल्यावर आप्पांना नाही म्हणताच येईना. गोष्टीत एका म्हाताऱ्या सासऱ्याचा खून होतो, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यावर आप्पा गावभर सांगत सुटले, आता माझा खून व्हनार हाय, तवा ज्याला भेटायचंय त्यानं भेटून घ्या.

आईला हे काही पटलं नव्हतं. म्हाळात घरात नवी वस्तू आणत नाहीत आणि हे दिवाळी आणायला निघालेत, असं ती दोनदा बोलली आणि मग गप्प झाली. आई फार बोलायची नाही. तिचं गप्प होणं ओळखायला मात्र घरातल्या मांजरालाही येत होतं. त्याच आठवड्यात सांगलीला मामाच्या घरी माझ्या आजोळच्या आजोबांचा म्हाळ होता. आई दोन दिवसांसाठी तिकडे गेली. घरात उरलो आप्पा, काकू आणि मी. काका साखर कारखान्यात पाळीवर. काकू म्हणजे उत्साहाचा झरा. त्या मंडळींसाठी भाकरी थापताना ती मालिकेतल्या नटीच्या केसांपासून चपलांपर्यंत सगळ्याची चौकशी करून मोकळी झाली. मागच्या अंगणात जनरेटर घरघरत असायचा, त्याच्या आवाजाने म्हशीने दूध चोरलं, आणि गल्लीतली पोरं दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन कट कट म्हणून ओरडायची.

नानांच्या फोटोबद्दल आता सांगायला पाहिजे. तो सोप्यात दाराच्या समोरच्या भिंतीला होता. वर्दी, तिरकी टोपी, छातीवर फिती, आणि हसू दाबल्यासारखं तोंड. नाना वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि ती सुट्टी दिवाळीत कधीच मिळायची नाही. त्यामुळे पाडव्याला, ज्या दिवशी बायका नवऱ्याला ओवाळतात, आई तो फोटो खाली काढायची. पाट मांडायची, भोवती रांगोळी घालायची, फोटो पाटावर भिंतीला टेकवून ठेवायची. काचेवर कुंकवाचं बोट लावायची, ओवाळायची, आणि नानांच्या तोंडाशी काचेला साखर टेकवायची. ती साखर मग मला मिळायची. नानांच्या वतीनं म्हणून आप्पा ताटात लुगडं ठेवायचे. आमच्या गल्लीत पाडव्याच्या संध्याकाळी असे बरेच फोटो पाटावर बसायचे. पण त्या फोटोला फूल कधी लागायचं नाही. दसऱ्याला नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला झेंडूचे हार घालायचो, घालत घालत आप्पा त्या भिंतीपाशी आले की हात आखडायचा. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, जसं विस्तवात हात घालू नये हे कुणी शिकवत नाही.

आई सांगलीला होती त्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पुढचं दार बंद. बाहेर एक पोरगा उभा, त्याने तोंडावर बोट ठेवलं. मी मागून, गोठ्याच्या बाजूने स्वयंपाकघरात शिरले आणि मधल्या दाराच्या फटीतून सोप्यात बघितलं. दिव्यांचा इतका उजेड होता की आधी काही दिसेना. मग ती नटी दिसली, पांढऱ्या लुगड्यात, कपाळ रिकामं. सकाळी तिच्या कपाळावर टिकली होती, मी स्वतः बघितली होती. ती भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडत होती. आणि तिच्या डोक्याच्या वर भिंतीला नानांचा फोटो होता, त्याला चंदनाचा जाड हार घातलेला, खाली समई, बाजूला उदबत्तीचा धूर. हे खोटं आहे, हे नाटक आहे, समोर कॅमेरा आहे, हे सगळं दिसत असूनसुद्धा माझ्या तोंडातून आवाज फुटणारच होता, तेवढ्यात मागून काकूचा पिठाने भरलेला हात तोंडावर आला.

काकूचाही चेहरा पांढराफटक होता. त्यांनी फौजीचा फोटो मागितला होता. आपला माणूस टीव्हीवर दिसेल म्हणून तिने कौतुकाने काढून दिला, पुसूनही दिला. हार त्यांच्या ट्रंकेतून नंतर निघाला. ती मध्ये पडायला गेली तर सायलेन्स म्हणून कुणीतरी तिच्यावरच खेकसला. आप्पा बाहेर झाडाखाली त्या फौजदाराचं काम करणाऱ्या माणसाला पलटणीच्या गोष्टी सांगत बसलेले, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. चुलीपाशी बसून काकू मला म्हणाली, "तुझ्या आयला हे कळता कामा न्हाई. आप्पांनाबी न्हाई. आपून देवीला जाऊन येऊ." दुसऱ्या दिवशी खरंच ती मला औंधला घेऊन गेली. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना ती एक शब्द बोलली नाही. काकू गप्प आहे, याची मला हाराइतकीच भीती वाटली. तिने ओटी भरली, नारळ फोडला आणि देवीपुढे इतका वेळ डोकं टेकून राहिली की पुजारी म्हणाला, बाई, मागं रांग हाय.

मंडळी गेली आणि जाताना फोटो घेऊन गेली. मुंबईत अजून थोडं काम बाकी आहे, झालं की पाठवतो म्हणाली. आई सांगलीहून आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर त्या रिकाम्या खिळ्यावर गेली. काकूने तयारी करून ठेवली होती. टीव्हीवर दाखवणार आहेत म्हणून नेलाय, अख्खा देश बघणार आहे आपल्या माणसाला. आई आधी चिडली, मग जरा वेळाने मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच दाखवणार का गं? मी हो म्हटलं. तिच्या तोंडावर असं हसू आलं की मला तिथून उठून गोठ्यात जावं लागलं.

आणि मग नानांचे फोन बंद झाले. ते रविवारी चौकातल्या वाण्याच्या दुकानात फोन करायचे. वाण्याचा पोरगा पळत सांगायला यायचा आणि आई पदराला हात पुसत पळायची. शेवटच्या फोनवर ते म्हणाले होते, आता वरच्या चौकीवर चाललोय, काही दिवस फोन व्हायचा न्हाई. असं दरवर्षी एकदा व्हायचंच. पण दरवर्षी त्यांना कुणी हार घातलेला नसायचा. त्या दिवसांत सीमेवरून रोज काही ना काही कानावर यायचं. सातारकडच्या एका पोराला तिरंग्यात आणलेलं आम्ही टीव्हीच्या बातम्यांत बघितलं होतं. आधी त्याचा हार घातलेला फोटो, मग रडणारी बायको, मग गाव. मला झोप लागेना. पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की मी आईच्या आधी दारात जाऊन उभी राहायचे. आई चकल्या तळत असायची, काकू करंज्यांना कातण फिरवायची, आणि तेलाचा चर्र आवाज सोडला तर घरात काही आवाज नसायचा. आप्पासुद्धा दर रविवारी वाण्याच्या दुकानात साखर आणायला म्हणून जायचे आणि बराच वेळ तिथेच बसून यायचे. घरात साखर वर्षभर पुरेल एवढी झाली.

दिवाळी आली तरी फोटो आला नाही. तो भाग पाडव्याच्या संध्याकाळी दाखवणार असं कळलं. आमच्या गावात तेव्हा केबल नव्हती, फक्त सरकारी वाहिनी दिसायची, तीही वारा असेल तर पोटात पाय घेऊन बसायची. सांगलीला मामाच्या घरमालकांकडे केबल होती. आईने ठरवलं, पाडव्यालाच सांगलीला जायचं, दुसऱ्या दिवशी भाऊबीज आहेच. आणि पिशवी भरताना तिने कपड्यांच्या घड्यांमध्ये ओवाळायचं तबक घातलं, निरांजन, कुंकवाचा करंडा, सुपारी. मी विचारलं, हे मामाला? तर म्हणाली, मामाला उद्या. आज तुझ्या नानांना. फोटो टीव्हीत दिसंल तवा ओवाळीन. मी काकूकडे बघितलं. काकूने तोंड फिरवलं आणि ती माहेरच्या गाडीला उशीर होतोय म्हणून घाईघाईने निघून गेली. आप्पा घर राखायला राहिले.

मामा हळदीच्या गोदामात कामाला होता. त्याच्या अंगाला, कपड्यांना, आणि मला वाटतं तिथल्या हवेलाही हळदीचा वास होता. मी आता लग्न होऊन सांगलीतच राहते, मला तो वास येईनासा झालाय, पण त्या संध्याकाळची आठवण काढली की येतो. घरमालक जैन, हळदीचे व्यापारी. मालकीणबाईंना सगळे कमलाक्का म्हणायचे. त्यांची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली असायची, त्यामुळे त्या टीव्हीपुढे सगळ्यांच्या आधी तयार. आदल्या दिवशी देवळात निर्वाणाचा लाडू चढवलेला, त्यातला प्रसाद त्यांनी आमच्या हातावर ठेवला. आईने तबक काढून वात लावली तेव्हा त्यांना नवल वाटलं, पण कारण कळल्यावर त्यांनी टीव्हीवरचं फुलांचं भांडं स्वतः उचलून बाजूला ठेवलं आणि त्याच्यापुढे चार रेघांची रांगोळीही ओढली. बसा की हो वहिनी, अजून जाहिराती आहेत, असं त्या म्हणाल्या, पण आई उभीच राहिली.

आमचं घर टीव्हीवर दिसलं तेव्हा मामी ओरडलीच. ती बघा आपली चूल, तो बघा गोठा, तो बघा कंदील. गोष्ट भीतीची होती. दिवाळीत कुणी ओळखीचा पाहुणा म्हणून घरात येतो, आणि तो कोण हे घरातल्या म्हाताऱ्याला कळतं. आमच्याच अडगळीच्या खोलीत तो लपून बसला होता, धान्याच्या कणगीमागे, हातात कोयता घेऊन. मामाची पोरं उशीत तोंड खुपसून बसली. मला त्या कोयत्याचं काही वाटत नव्हतं. मी दर वेळी चित्र बदललं की डोळे मिटत होते आणि मनात म्हणत होते, तेवढं कापलेलं असू दे. एवढं शूटिंग करतात, सगळं थोडंच दाखवतात. आईच्या हातातल्या तबकातली ज्योत मला डोळे मिटूनही दिसत होती.

आणि दाखवलं. आधी समई, मग हळूहळू कॅमेरा वर गेला. हार, हारातून नानांचा चेहरा, ते हसू दाबलेलं तोंड. मागे ती बाई रडते आहे. पडदाभर नाना, इतके मोठे ते फोटोत कधीच नव्हते. आईने तबक वर केलेलं होतं, ते तसंच राहिलं. कमलाक्कांनी देवा म्हणून कपाळाला हात लावला आणि बटण बंद करायला पुढे झाल्या, तशी आई म्हणाली, "असू द्या." चित्र बदललं. फौजदार आला. आईने तबक खाली ठेवलं, वात विझवली नाही, नुसतं बाजूला सरकवलं, आणि पदर डोक्यावरून घेऊन भिंतीशी बसली. तिने ओवाळलं नाही. मामा म्हणाला, ताई, नाटकाचं काय मनावर घेतीस. मामी म्हणाली, उलट आयुष्य वाढतं म्हणतात. शेवटी खुनी पकडला की नाही हे मला आजही नीट आठवत नाही. सकाळी आईने मामाला घाईघाईने ओवाळलं, त्याने हातात दिलेली साडी न बघता पिशवीत टाकली आणि आम्ही पहिल्या पॅसेंजरने निघालो.

त्या प्रवासात तिने मला एकच विचारलं, काकूला ठावं हुतं ना. मी मान डोलावली. ती खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिली. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं, पण मोठी झाले होते, लाज वाटली. रहिमतपूरला उतरलो तर वडापच्या जीपवर आमच्याच गावचा बापू होता. हा बापू म्हणजे माणसं कोंबल्याशिवाय, आणि प्रत्येकाची चेष्टा केल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. आम्हाला बघून तो खाली उतरला. आईच्या हातातली पिशवी घेतली, पुढची सीट झटकली, आणि बाकीच्या माणसांना म्हणाला, तुमी मागच्या गाडीनं या. पुढे बसून त्याने गाडी चालू केली. आईने विचारलं, काय रं बापू, काय झालं? तो रस्त्याकडे बघत म्हणाला, काय न्हाई वहिनी, घरी चला. मी आईच्या हाताला धरलं, जीपच्या हादऱ्यांनी तिच्या बांगड्या बारीक आवाज करत होत्या. ऊन होतं, दिवाळीचे चार फटाके कुठेतरी वाजत होते, आणि मला वाटत होतं की हा रस्ता संपूच नये.

अंगणात माणसं बसली होती. पुरुष एका बाजूला, टोप्या काढून. बायका दुसऱ्या बाजूला. आमच्या उंबऱ्यावर पणती नव्हती, रांगोळी पुसलेली होती. कट्ट्यावर कुणीतरी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणून ठेवल्या होत्या, आणि ते बघून मला कळलं, कारण मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी भाकरी आणतात. आप्पा त्यांच्या त्याच खुर्चीत बसले होते. डोक्याला फेटा नव्हता. मी आप्पांना फेट्यावाचून अंगणात कधी बघितलं नव्हतं. आणि बायकांमध्ये माझी आत्या होती, नानांची थोरली बहीण, लोणंदला दिलेली. ती आईला बघून उठली आणि तिने जो हंबरडा फोडला तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. माझा भाऊ गं, माझा भाऊ, आज भाऊबीज गं, असं म्हणत ती आईच्या गळ्यात पडली. तिच्या मागून दोन म्हाताऱ्या पुढे आल्या. त्यांच्यातल्या एकीने आईचं मनगट धरलं. कशासाठी धरलं ते अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं.

आईने मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. तिचा आवाज अगदी खालच्या पट्टीत होता. "आप्पा," ती म्हणाली, "कागद कुठं हाय?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि नुसती नकाराची मान हलवली. आईने परत विचारलं, तार आली? कोण सांगाय आलं? पलटणीतलं कोण आलं? आत्याच रडत रडत म्हणाली, "आगं टीव्हीवर दावलं की. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. हार घातलेला फोटू. आपलंच घर. कुणी बाई रडत हुती."

क्षणभर मलाही कळलं नाही. इतकी मी घाबरलेली होते. मग माझा मीच आवाज ऐकला, पांढऱ्या लुगड्यातली का आत्या? आणि एक फौजदार होता का, मिशीवाला? आणि कणगीमागं माणूस? आत्या रडायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. फौजदार व्हता, ती म्हणाली, तो काय तरी इचारत व्हता, पण म्या फोटू बघितला आन् पुढचं काय बघतीय. शेजारणीच्या घरी ती उशिरा जाऊन बसली होती, मधूनच. आमच्या घरी मालिकावाले आले होते हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. तेव्हाच्या बातम्यांत फौजीचा हार घातलेला फोटो कशासाठी दाखवतात ते तिला पाठ होतं. ती पहाटे निघाली आणि रीतीप्रमाणे वेशीपासून रडत आली. सख्खी बहीण रडत आल्यावर खरं का खोटं कोण विचारतो? शूटिंग सगळ्या गावाने बघितलं होतं, पण तो हार बंद दाराआड घातलेला. आणि आप्पा, ज्यांना चार प्रश्न विचारायचं सगळ्यात आधी सुचायला पाहिजे होतं, ते महिनाभर वाण्याच्या दुकानात बसून हीच बातमी यायची वाट बघत होते. घाबरलेल्याला वाईट बातमी चटकन पटते.

आईने ते सगळं ऐकून घेतलं. मग ती आप्पांच्या खुर्चीपाशी गेली, खाली बसली. "आप्पा, तुमी पलटणीत हुता," ती म्हणाली. "पलटन काय टीव्हीवरनं सांगती व्हय?"

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग तो सहा फुटी म्हातारा, ज्याने सकाळपासून डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, सगळ्या अंगणासमोर ओक्साबोक्शी रडला. आत्या स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली, तिला बायकांनी धरलं. बापू जीपवाला उगाचच मोठ्यांदा हसला आणि लगेच गप्प झाला. मला उलटी झाली. आईने उठून त्या भाकऱ्या उंबऱ्याच्या आत येऊ न देता गोठ्यात म्हशीपुढे टाकायला लावल्या, पणती लावली, रांगोळी काढली, आणि फराळाचे डबे अंगणात आणून सगळ्यांना बजावलं की तोंड गोड केल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. रडायला आलेल्या माणसांनी लाडू खाल्ले. आत्याच्या घशाखाली उतरेना, तर आईने तिला पाणी पाजून पाजून खायला लावला.

हे एवढं झालं तरी नाना जिवंत असल्याचं कुणी सांगितलेलं नव्हतंच. मेल्याची बातमी खोटी निघाली, एवढंच. त्यापुढचे दिवस मला आधीच्यापेक्षा वाईट गेले. आई कामं करायची, बोलायची, पण एखाद्या भांड्याला हात लावून तशीच उभी राहायची. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास वाण्याचा पोरगा पळत आला. आई पळाली नाही. चालत गेली, मी मागून. तिने फोन कानाला लावला आणि काही बोललीच नाही. पलीकडून नाना हॅलो हॅलो करत होते, आगं बोल की, लाइन जाईल. मग तिने विचारलं, जेवलाय का? एवढंच. परत येताना चौकातल्या कट्ट्यावर ती बराच वेळ बसली.

फोटोही आला, एसटीच्या पार्सलने, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. नाना उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा त्यांना सगळी कहाणी काकूने रंगवून सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. नाना पोट धरून हसले. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, ती नटी रडली कशी, नीट रडली का? आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. आत्या मात्र पुढे मरेपर्यंत टीव्हीपुढे बसली नाही.

नाना गेल्या वर्षी गेले. घरी, भर दुपारी, चहाचा कप खाली ठेवून. पेन्शन खाऊन, नातवंडं खेळवून, सगळं करून गेले. दिवसकार्य झाल्यावर काकूचा मुलगा साताऱ्याहून चंदनाचा हार घेऊन आला. आईला हल्ली ऐकू कमी येतं, पण ती उठली, खुर्चीवर चढायला निघालेल्या त्याच्या हातातून हार काढून घेतला आणि म्हणाली, "त्यांना हार एकदा घातलाय. आता परत न्हाई." तो फोटो अजून तसाच आहे, बिनहाराचा. नवा माणूस घरात आला तर विचारतो, साहेब सध्या कुठे असतात?

यंदा पाडव्याला मी मुद्दाम गावी गेले, आईला एकटं वाटेल म्हणून. संध्याकाळी बघते तर आईने फोटो खाली काढलेला, पाट मांडलेला, काच पुसत बसलेली. काकूला बघवेना. ती म्हणाली, आक्का, आवं आता कशाला? नवरा गेल्यावर ओवाळत न्हाईत. आईने करंड्यातून कुंकवाचं बोट काढलं आणि काचेवर त्याच जागी लावलं.

"त्या सालचं राहिलंय माझं," ती म्हणाली, आणि मला काड्यापेटी मागितली.